एक्केचाळीस नंबरची जर्सी

गुरुवारी संध्याकाळी त्रिवेणीने दोन थापा मारल्या होत्या, आणि शुक्रवारी सकाळी साडेनऊ वाजता त्या दोन्ही थापा एकाच लॅपटॉपच्या पडद्यावर एकमेकींना भेटणार होत्या.

पहिली थाप वडिलांना. "अभिजीत तिथे नसणार, अण्णा. त्याला रजाच मिळाली नाही." दुसरी धाकट्या भावाला, मेलबर्नला, फोनवर. "अण्णांनी स्वतः सांगितलंय, अभिजीतला म्हणावं तूही उभा राहा." मारताना काही वाटलं नव्हतं. सकाळी चहा गाळताना मात्र तिला त्यातला धोका दिसला. ती शाळेत सातवीला इतिहास शिकवायची. दोन छावण्यांमध्ये निरोप नेणाऱ्या जासुदाचं शेवटी काय होतं, ते तिला धड्यांसकट पाठ होतं.

आणि जासूद ती होतीच. भगवंतराव वसमतकर, वय वर्षं चौऱ्याऐंशी, जमिनीच्या दाव्यांतले एके काळचे नामांकित वकील, आपल्या एकुलत्या मुलाशी अकरा वर्षं एक शब्द बोलले नव्हते. आई गेली तेव्हा अभिजीतची व्हिसाची कागदपत्रं कुठल्या तरी टेबलावर अडकली होती. तो हैदराबादला काचीगुड्याच्या घरात पोचला तो तेराव्या दिवशी, पंगत बसत असताना. अण्णांनी दारातल्या मुलाकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "त्रिवेणी, पाहुणे आलेत. पान वाढ." अभिजीत उभ्या उभ्या परत फिरला. त्या दिवसापासून दोघांमधला सगळा व्यवहार त्रिवेणीमार्फत चालायचा. तिकडून यायचं, "अण्णांना विचार, गुडघा कसा आहे." इकडून जायचं, "त्याला सांग, गुडघा जागेवर आहे."

नातवाचं मात्र वेगळं होतं. केदार विसाचा. तिकडचा तो फुटबॉल खेळायचा, ज्यात चेंडू लांबोळका असतो, हाताने धरतात, मुठीने मारतात, पायानेही मारतात, आणि एकेका बाजूला अठरा माणसं धावत असतात. अठराव्या वर्षी क्लबांनी पोरं निवडली तेव्हा केदारचं नाव कुणी घेतलं नाही. मग तो वर्षभर खालच्या लीगमध्ये खेळला, आणि एका मोठ्या क्लबाने त्याला कच्च्या यादीत घेतलं. पगार मिळत होता, सराव होता, पण मुख्य संघात जागा नव्हती. त्यातच मांडीमागचा स्नायू फाटला. दीड वर्षापूर्वी, पाय बरा झाल्यावर, तो तीन आठवडे हैदराबादला आला तो खेळ सोडायचं मनात घेऊनच आला होता.

अण्णा त्याला रोज पहाटे नामपल्लीच्या प्रदर्शनाच्या मैदानावर घेऊन जायचे. घडीच्या खुर्चीवर छत्री उघडून बसायचे आणि केदारच्या किका मोजायचे. रोजच्या दोनशे. खेळ त्यांना ओ की ठो कळत नव्हता, पण एकशे नव्याण्णव झाल्या तर ते त्याला चहा पिऊ द्यायचे नाहीत. एकदा केदार गवतावर बसून म्हणाला की आता पुरे, ते मला कधीच घेणार नाहीत. अण्णा म्हणाले, "दावा हरला म्हणाले का ते? नाही ना? मग तारीख पडली. पुढची तारीख पडेल. माणसाने कोर्टात येत राहायचं."

झालं. तिकडे दर गुरुवारी संघ जाहीर व्हायचा आणि दर गुरुवारी केदारचा निरोप यायचा, "आजोबा, तारीख पडली." दीड वर्ष हे चाललं. आणि काल गुरुवारी दुपारी निरोप आला, "आजोबा, निकाल लागला." कुणाचा तरी खांदा निखळला होता आणि केदार शनिवारी पहिला सामना खेळणार होता.

त्याच्या क्लबात एक रीत होती. पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी नव्या खेळाडूला त्याची जर्सी घरच्या माणसाने द्यायची, सगळ्या संघासमोर, दोन शब्द बोलून. केदारला विचारलं, कोण देणार? तो म्हणाला, आजोबा. हैदराबादहून, व्हिडिओवर.

अण्णांनी त्रिवेणीला अट घातली. "तो समोर असेल तर मी तोंड उघडणार नाही. लिहून घे." अर्ध्या तासाने अभिजीतचा फोन आला. आवाज खाली गेलेला. "ताई, मी बाहेर थांबतो हवं तर. केदारचा दिवस आहे, मला तो नासवायचा नाही." बापाने पोराच्या अशा दिवशी दाराबाहेर उभं राहायचं, हे त्रिवेणीला काही केल्या पटेना, आणि तिच्या तोंडून ती दुसरी थाप निघून गेली.

नऊ वाजता अण्णा तयार होऊन दिवाणखान्यात आले. त्यांनी काळा कोट घातला होता. गळ्याला पांढरे बँड बांधले होते. हातात कागदांची चळत होती.

"अण्णा, ही जर्सी द्यायची आहे, अपील नाही दाखल करायचं," बाळकाका म्हणाले. हे अण्णांचे धाकटे भाऊ बाळकृष्ण, रेल्वेच्या बुकिंग ऑफिसातून निवृत्त. ते खालच्याच मजल्यावर राहायचे, आणि भावाच्या घरातल्या कुठल्याही प्रसंगाला चहाच्या आधी हजर असायचे.

"किती पानं आहेत?" त्रिवेणीने विचारलं.

"नऊ. सुरुवातीला आपल्या घराण्याची थोडी हकीकत आहे. मग खेळाडूवृत्ती. मग मुद्दे."

"अण्णा, दोन मिनिटं दिलीत त्यांनी."

"दोन मिनिटांत तर मी घसासुद्धा साफ करत नाही."

लॅपटॉपपाशी बसलेली दीपाली हसू दाबत म्हणाली, "अय्यो अण्णा, नऊ पानं म्हणजे मॅच होऊन जाईल हो. तुम्ही फक्त ऑल द बेस्ट बोला, आणि एक ब्लेसिंग." दीपाली ही बाळकाकांची सून. हायटेक सिटीत नोकरी, आज घरून काम, म्हणजे वसमतकरांचं काम.

"मी काय म्हणतो," बाळकाकांनी खुर्ची पुढे ओढली. "अण्णांना खेळातलं काही कळत नाही. मी डिव्हिजनच्या टीमचा गोलकीपर होतो. सहा वर्षं. टेक्निकल बाजू मी मांडतो."

"तू गोलकीपर होतास कारण तुला धावता येत नव्हतं," अण्णा म्हणाले.

"पण बॉल अडवत होतो का नाही?"

"काही अडवत होतास. बाकीचे तुझ्यामुळे अडायचे नाहीत."

इतक्यात इंदूकाकू वर आल्या. एका हातात फोडणीच्या मुरमुऱ्यांच्या सुशीलाचं पातेलं, दुसऱ्या हातात हळदकुंकवाचा करंडा. बाळकाकांची बायको, आणि साऱ्या घराण्याच्या शकुन-अपशकुनांची ठेव त्यांच्याकडे. पातेलं टेबलावर ठेवून त्यांनी एकच प्रश्न विचारला. "सामना कधी म्हणालात?"

"उद्या, काकू. शनिवारी दुपारी."

"शनिवारी? आणि कपडा नवा?" काकू खुर्चीत बसल्याच. "अगं, शनिवारी नवं कोरं अंगाला लावतात का? पोराचा पाय मोडायचाय का तुम्हाला?"

"काकू, सामना ते ठरवतात. आपण नाही."

"ते काही नाही. आज शुक्रवार. आजच्या आज त्याने एकदा अंगात घातला पाहिजे. मग उद्या तो जुना. आणि घालायच्या आधी कोपऱ्याला कुंकवाचं बोट. घरातल्या मोठ्याने 'लाव' म्हणायचं, मगच लावायचं."

"हौ, हे बरोबर आहे," बाळकाका लगेच बायकोच्या बाजूने झाले. कारण टेक्निकल बाजूचं काही जमत नव्हतं.

"नंबर काय आहे पोराचा?" काकूंनी विचारलं.

"एक्केचाळीस."

काकूंचा चेहरा जरा खुलला. "चाळीस आणि वर एक. चांगलं आहे. हे तरी कुणी अक्कल असलेल्या माणसाने दिलंय."

सव्वानऊला दीपालीच्या फोनवर घरच्या ग्रुपमधला एक फोटो आला. तिने पाहिला आणि त्रिवेणीला डोळ्यांनी स्वयंपाकघराकडे खुणावलं. फोटोत अभिजीत होता. दाढी गुळगुळीत, निळा टाय, मागे क्लबाचा बोर्ड. खाली लिहिलं होतं, 'अण्णांच्या शब्दाखातर आलोय. ताई, तुझे उपकार.'

"ताई," दीपाली कुजबुजली, "अभिजीतदादा तर नाहीत म्हणाला होतात ना तुम्ही? अण्णा स्क्रीनवर बघतील तर?"

"मला माहीत आहे गं. मला वाटलं, तो खोलीत कुठेतरी मागे असेल. एवढ्या गर्दीत अण्णांना काय दिसतंय, मोतीबिंदूचा डोळा."

"ऑपरेशन झालं ना त्यांचं मागच्या महिन्यात?"

त्रिवेणी ओट्याला टेकली. ऑपरेशन तिनेच करून आणलं होतं, आणि वर अभिजीतला कळवलंही होतं, की आता अण्णांना समोरच्या इमारतीवरची पाटी वाचता येते.

तेवढ्यात दारात बाळकाका उभे राहिले. हातात त्यांचा फोन, चेहऱ्यावर लॉटरी लागलेली. "फोटो मलाही आलाय," ते म्हणाले. "अण्णा ग्रुपमध्ये नाहीत. मी त्यांना दाखवणार नाही. मला फक्त एक मिनिट पाहिजे."

"कशाचं?"

"दोनातलं एक. टेक्निकल बाजू."

"काका, तुम्ही मला धमकी देताय?"

"छे, तडजोड," काका म्हणाले. "ह्या घरात राहून मीही थोडी वकिली शिकलोय."

साडेनऊला पडदा उजळला. आधी छत दिसलं, मग कुणाचा तरी अंगठा, आणि मग एक मोठी खोली. पायऱ्यांसारख्या बाकांवर चाळीस-पंचेचाळीस तरुण बसले होते, एकेक दाराएवढा. बऱ्याच जणांचे केस पुढून बारीक कापलेले आणि मागून मानेवर रुळणारे. इंदूकाकू पुढे वाकून बघू लागल्या. "ह्यांचे न्हावी अर्ध्यातच उठून जातात का गं?"

"हळू, आई, आवाज जातोय," दीपाली म्हणाली.

केदार पुढे आला. सडपातळ, बाकीच्यांपेक्षा बोटभर बुटका, कानापर्यंत लाल झालेला. "नमस्ते आजोबा. नमस्ते आत्या. सगळे कसा आहे?"

"आम्ही बरे आहोत," अण्णा इतक्या मोठ्याने म्हणाले की पलीकडची पहिली रांग दचकली. "उभा राहा सरळ. खांदे मागे."

केदारने खांदे मागे घेतले. मागच्या चार जणांनीही घेतले.

मग त्यांचा कोच बोलला. तांबड्या चेहऱ्याचा, धिप्पाड. दीपाली एकीकडे इंदूकाकूंसाठी मराठीत सांगत होती. तो म्हणाला, ह्या पोराला आम्ही दीड वर्ष दर गुरुवारी नाही म्हणत आलो. दुसऱ्या दिवशी हा सगळ्यांच्या आधी मैदानावर. आम्ही विचारलं, तुला राग येत नाही का? तर म्हणाला, माझे आजोबा वकील आहेत, ते म्हणतात ही नुसती तारीख आहे. तेव्हापासून आमच्यात ज्याला वगळतात तो म्हणतो, तारीख पडली. एवढं बोलून कोचने बाकांकडे पाहिलं आणि पंचेचाळीस आवाज एकदम ओरडले, "टारीक!"

अण्णांनी आयुष्यात अनेक न्यायाधीशांची शाबासकी घेतली होती, पण असला आवाज त्यांना कुठल्या कोर्टात मिळाला नव्हता. त्यांनी कोट खाली ओढून सारखा केला, चष्मा पुसला, पहिलं पान उचललं. त्रिवेणीने देवाचं नाव घेतलं. असंच निघून जाऊ दे, तिला वाटलं. दोन मिनिटं. फक्त दोन.

"आणि आता," कोच म्हणाला, "आजोबांच्या वतीने जर्सी हातात द्यायला केदारचे वडील इथे आहेत."

कडेने अभिजीत आत आला. दोन्ही हातांवर घडी घातलेली जर्सी. डोक्यावरचे केस बरेच गेलेले, टाय थोडा वाकडा. तो कॅमेऱ्यासमोर येऊन उभा राहिला आणि त्याने मान खाली घातली.

अण्णांनी हातातलं पान टेबलावर ठेवलं. "त्रिवेणी," ते म्हणाले. आवाज अगदी शांत होता. साक्षीदार खोटा पडला की ते असेच बोलायचे. "ही बाब माझ्यापासून लपवण्यात आली."

पलीकडे सगळे वाट बघत होते. गप्प बसलेल्या पंचेचाळीस दांडग्या पोरांकडे बघणं फार कठीण असतं. बाळकाकांना मात्र ही आपलीच वेळ वाटली. ते खुर्चीसकट कॅमेऱ्यासमोर सरकले आणि इंग्रजीत सुरू झाले, की मित्रहो, मीही फुटबॉलपटू आहे, रेल्वेचा गोलकीपर, सहा वर्षं, आणि मला तुमच्या गोलकीपरला दोन गोष्टी सांगायच्या आहेत, तो कुठे आहे?

केदारने इकडेतिकडे पाहिलं. "आजोबा, सॉरी. आमच्या खेळात गोलकीपर नाही."

"नाही?"

"नाही. चार खांब आहेत. मधल्या दोनमधून गेला तर सहा मार्क. बाजूने गेला तर एक."

"चुकला तरी एक?" बाळकाकांचा विश्वास बसेना. "मला बी.कॉम.ला असे मार्क कुणी दिले नाहीत." आणि खुर्ची हळूच मागे घेऊन ते बसले. सहा वर्षांच्या कारकिर्दीचा पायाच कुणीतरी काढून घेतला होता.

आता कुणालाच काही सुचेना. अशा वेळी ज्यांना सुचतं त्या इंदूकाकू. पडद्यावरच्या अभिजीतकडे आणि समोरच्या अण्णांकडे आळीपाळीने बघत त्या म्हणाल्या, "अरे अभिजीत, ते उघड तरी. बघू दे." अभिजीतने जर्सी उलगडून धरली. "अगं बाई, ह्याला बाह्याच नाहीत! थंडीत बनियनवर खेळवतात का पोराला? बरं ते जाऊ दे. कुंकू लावलंस का?"

"आणलंय काकू," अभिजीत म्हणाला. त्याने खिशातून कागदाची पुडी काढली. "केदारच्या आईने बांधून दिलीय. पण..." तो थांबला. "मोठ्यांनी सांगायचं असतं ना. मी कसं लावू?"

सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा समोरच्या भिंतीकडे बघत होते. मग ते म्हणाले, "त्रिवेणी, त्याला सांग, लाव म्हणावं."

अकरा वर्षांची सवय. तिचं तोंड उघडलंही होतं. समोर सहा हजार मैलांवर नव्हे, हातभर अंतरावर अभिजीत उभा होता, त्याला अण्णांचा शब्दन्‌शब्द ऐकू आला होता, आणि तरी तो तिच्याकडे बघत होता, की ताई सांगेल. त्या दोघांच्या त्या वाट बघण्याने तिच्या आतलं काहीतरी एकदम उसळून आलं.

"नाही," ती म्हणाली.

"काय?"

"मी नाही सांगणार. समोर आहे तो, अण्णा. त्याला ऐकू येतं. तुम्ही सांगा." आपला आवाज चढलाय हे तिला कळत होतं, पण आता तो खाली येत नव्हता. "अकरा वर्षं सांगतेय मी. गुडघा सांगितला, मोतीबिंदू सांगितला, घराला रंग कुठला दिला तेसुद्धा सांगितलं. आईची आठवण काढून तो फोनवर रडला, तेही तुम्हाला सांगितलं. तुम्ही 'बरं' म्हणालात. ते 'बरं' मी त्याला सांगू शकले नाही. चार दिवस तो विचारत होता, अण्णा काय म्हणाले, अण्णा काय म्हणाले. आणि अभिजीत, तूही ऐक. अण्णांनी तुला बोलावलेलं नाही. मी खोटं बोलले. त्यांना सांगितलं तू नसणार, तुला सांगितलं त्यांनी बोलावलंय. दोघांना फसवलं. काय करायचं ते करा, मला आता होत नाही."

पलीकडे बाकांवर काही जण पुढे सरकून बसले. एक शब्द कुणाला कळला नव्हता, आणि बहुतेक सगळं कळलं होतं. कोचने टोपी काढून हातात घेतली.

अभिजीतचा चेहरा उतरला. तो फक्त "अच्छा" म्हणाला. त्याने जर्सी खुर्चीवर ठेवली, पुडी तिच्यावर ठेवली आणि केदारच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "मी बाहेर थांबतो, बेटा. आजोबांकडून घे तू." केदारने त्याचं कोपर धरलं. तो सोडवून घेऊ लागला. दोन पावलं गेलाही. पडद्यावर त्याचा अर्धाच खांदा उरला.

त्रिवेणीने डोळे मिटले. संपलं सगळं, आणि आपणच संपवलं.

"अभिजीत."

तिने डोळे उघडले. अण्णा उभे राहिले होते. टेबलाला दोन्ही हात टेकून, पडद्यावर वाकून.

"कुंकू तसंच ठेवून कुठे निघालास?"

पडद्यावरचा अर्धा खांदा थांबला. मग हळूहळू पुरा अभिजीत परत आला. त्याने पुडी उघडली, बोट बुडवलं आणि जर्सीच्या कोपऱ्याकडे नेलं.

"उजव्या हाताने," अण्णा म्हणाले.

अभिजीत डावरा होता. पाटीवर डाव्या हाताने लिहायचा म्हणून चौथीपर्यंत अण्णांनी त्याच्या बोटांवर पट्टी मारली होती, आणि चौथीत दोघांनीही नाद सोडला होता. आज एकोणपन्नासाव्या वर्षी, टाय बांधलेला, टक्कल पडलेला, मेलबर्नच्या ट्रामगाड्यांची वेळापत्रकं लावणारा हा माणूस पंचेचाळीस फुटबॉलपटूंसमोर म्हणाला, "हो अण्णा." आणि त्याने हात बदलला. लाल ठिपका कोपऱ्यावर उमटला. सवयीचा हात नव्हता, त्यामुळे जरा फरफटलाच.

"आता दे त्याला. आणि तू, घाल. आत्ताच. उद्या शनिवार आहे."

केदारने टी-शर्टवरून जर्सी चढवली. एक्केचाळीस. कोच वाकून कुजबुजला, आजोबा काय म्हणाले? केदारला जेवढं मराठी कळलं होतं त्यावरून त्याने इंग्रजीत सांगितलं, की ते बाबांना म्हणाले, उजवा हात वापर. सगळे उभे राहून जे ओरडू लागले, बाकांवर हात आपटू लागले, की खाली काचीगुड्याच्या रस्त्यावर कुणीतरी वर बघितलं असेल. असं भाषण त्या क्लबात बहुधा आधी कुणी केलं नव्हतं. इंदूकाकू पदराने डोळे पुसत होत्या, आणि बाळकाका टाळ्या वाजवत विचारत होते, "म्हणजे आता मॅच सुरू झाली का?"

नवं घातलं की मोठ्यांना नमस्कार करायचा, एवढं केदारला कुणी सांगावं लागलं नाही. तो कॅमेऱ्यासमोर वाकला. पडदाभर त्याचं काळंभोर डोकं आलं. मागे अभिजीतही वाकला होता. अण्णांनी हात पुढे केला आणि अगदी सवयीने तो नातवाच्या डोक्यावर, म्हणजे पडद्यावर, ठेवला.

"औक्षवंत हो. दोघंही."

पडदा काळा झाला.

"अय्यो अण्णा!" दीपाली उठून उभी राहिली. "टचस्क्रीन आहे ना तो! कॉल कट केलात!"

"मी आशीर्वाद दिला," अण्णा म्हणाले.

"हौ, पण रेड बटणावर दिलात."

दीपाली परत जोडण्याच्या खटपटीला लागली. अण्णा खुर्चीत बसले. त्रिवेणी त्यांच्यासाठी पाणी घेऊन आली. त्यांनी पेला घेतला, तिच्याकडे पाहिलं नाही.

"तुझ्यावर फसवणुकीचा दावा होऊ शकतो," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"पुरावा भक्कम आहे. तू सगळ्यांसमोर कबुली दिलीस."

"दिली."

ते पाणी प्यायले. पेला खाली ठेवायला त्यांना दोनदा टेबल चाचपावं लागलं. "मी तेव्हा 'बरं' म्हणालो," ते म्हणाले, "कारण दुसरं काही म्हणालो असतो तर मीच रडलो असतो. तुझ्यासमोर. म्हणून."

त्रिवेणीने रिकामा पेला उचलला. अकरा वर्षांत हेच एक सांगण्यासारखं होतं, आणि तेच तिला कुणी कधी दिलं नव्हतं.

तिचा फोन वाजला. अभिजीत. तिने कानाला लावला. पलीकडे गोंगाट होता, आणि त्यातून त्याचा आवाज आला, घाईघाईचा. "ताई, कट झालं का? अण्णा रागावले का? त्यांना विचार ना..."

"थांब," ती म्हणाली. तिने फोन अण्णांच्या पुढे धरला. "तुमचा आहे."

अण्णांनी फोनकडे असं पाहिलं की जणू नोटीसच बजावली गेलीय. मग तो घेतला, आधी उलटा, मग सुलटा. "हॅलो," ते म्हणाले. "हो. मीच."

शाळेला उशीर झाला होता. साडेदहापर्यंतची रजा संपत आली होती आणि त्यानंतरचा पहिलाच तास सातवीचा होता. त्रिवेणीने पर्स घेतली, वह्यांचा गठ्ठा घेतला, काकूंनी बळेच हातात कोंबलेला सुशीलाचा डबा घेतला. दोन मजले उतरल्यावर तिच्या लक्षात आलं, फोन वरच राहिलाय. ती परत वर आली. दार उघडंच होतं.

अण्णा खिडकीपाशी उभे होते, काळ्या कोटात, पाठमोरे. "तू यायला हवं होतंस, अभिजीत," ते म्हणत होते. "कागद अडकले होते, ते मला माहीत होतं. तेव्हाही माहीत होतं. तरी तू यायला हवं होतंस. तुझी आई सारखी दाराकडे बघत होती. मी कुणावर रागवायचं मग?" ते थांबले. आयुष्यभर ज्या माणसाने समोरच्याला वाक्य पुरं करू दिलं नव्हतं, तो फोन कानाशी घट्ट धरून गप्प उभा होता. मग ते म्हणाले, "नाही, नाही. तू बोल. मी ऐकतोय."

त्रिवेणीची चाहूल लागून त्यांनी मान वळवली. तिने फोनसाठी हात अर्धा पुढे केला होता. अण्णांनी तळहात वर करून तिला खूण केली, आत्ता नाही, आणि पुन्हा खिडकीकडे वळले.

ती फोन न घेताच शाळेत गेली.